चेहरा नसलेल्या राजांची पदके

आमच्या शाळेच्या कपाटात इंग्लंडच्या इतिहासाचे एक जाडजूड सचित्र पुस्तक आहे. पुस्तक इंग्रजी असल्याने मुले ते वाचत नाहीत, पण चित्रे मात्र आवडीने पाहतात. त्यातील एका पानावर गोल पदकांची छायाचित्रे ओळीने छापली आहेत. प्रत्येक पदकावर एक राजा. कोणाच्या डोक्यावर मुकुट, कोणाच्या अंगावर चिलखत, आणि सर्वांच्या चेहऱ्यावर एकच रुबाब. एकदा वर्गात सलीबी जंगांचा, म्हणजे क्रुसेड युद्धांचा विषय निघाला होता. एका मुलाने ते पुस्तक उघडून पहिल्या रिचर्डच्या पदकावर बोट ठेवले आणि विचारले, "सर, इन का चेहरा है, तो सलाहुद्दीन का क्यों नहीं?"

आम्ही तेव्हा नेहमीचे उत्तर दिले. आपल्या मजहबात तसवीर पसंत केली जात नाही, म्हणून आपल्या बादशहांचे चेहरे मिळत नाहीत. युरोपात तशी अडचण नव्हती, म्हणून तिकडच्या राजांचे चेहरे जपले गेले. मुलगा गप्प बसला. पण आमचे समाधान झाले नाही. पुढे आम्ही या पदकांविषयी मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आमचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकीचे होते. रिचर्डचा तो चेहरा रिचर्डचा नव्हता, आणि सलाहुद्दीनविषयी आम्ही जे सांगितले तेही पुरते खरे नव्हते. ती चूक येथे दुरुस्त करावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम पदक म्हणजे काय ते पाहू. नाणे आणि पदक दिसायला सारखे असले तरी त्यांचे काम वेगळे असते. नाणे बाजारात चालते, त्याला किंमत असते, त्याच्यामागे हुकूमत उभी असते. पदक बाजारात चालत नाही. ते कोणाची तरी आठवण म्हणून घडवले जाते, भेट दिले जाते, पेटीत जपले जाते. धातूवर माणसाचा हुबेहूब चेहरा उठवून असे पदक घडवण्याची कला पंधराव्या शतकात इटलीत रूढ झाली. पिसानेल्लो या चित्रकाराने १४३८-३९च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा जॉन आठवा पालायलोगस याचे पदक केले. या परंपरेतील पहिले पदक म्हणून त्याचाच उल्लेख केला जातो.

पुढची हकिकत आमच्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. १४५३मध्ये उस्मानी सुलतान मुहम्मद दुसरा, ज्याला आपण फातेह म्हणून ओळखतो, त्याने कॉन्स्टँटिनोपल जिंकले. या सुलतानाला इटलीच्या या कलेचे मोठे आकर्षण होते. १४७९मध्ये व्हेनिसचा चित्रकार जेंतिले बेल्लिनी त्याच्या दरबारी आला, आणि त्याने काढलेल्या सुलतानाच्या तैलचित्रावर १४८० हे वर्ष आहे. बेल्लिनी, कोस्तान्झो दा फेरारा आणि फ्लॉरेन्सचा बेर्तोल्दो या तिघांनी सुलतानाच्या चेहऱ्याची पदके घडवली. ती आजही जगातील मोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्याच वेळी इंग्लंडच्या गादीवर चौथा एडवर्ड होता, आणि त्याच्या हयातीत घडवलेले त्याच्या चेहऱ्याचे एकही पदक ज्ञात नाही. इंग्रज माणसाचे सर्वांत जुने पदक म्हणून जे ओळखले जाते, ते राजाचे नसून जॉन केंडल नावाच्या सरदाराचे आहे. त्यावर १४८० हे वर्ष आणि तुर्कांनी घातलेल्या वेढ्याचा उल्लेख आहे. थोडक्यात, एका मुसलमान सुलतानाचा चेहरा जिवंतपणी पदकावर आला होता, तेव्हा इंग्लंडच्या राजांना ही चीज ठाऊकही झाली नव्हती.

मग पुस्तकातील त्या पानावर विल्यमपासूनचे सारे राजे आले कोठून?

निदान नाण्यांवर तरी त्यांचे चेहरे असतील, असे कोणालाही वाटेल. इंग्लंडच्या मध्ययुगीन चांदीच्या पेनीवर चेहरा असतो हे खरे. पण तो चेहरा म्हणजे चार रेघांत काढलेली राजाची खूण होती: समोर पाहणारे डोके, वर मुकुट, दोन्ही बाजूंना केसांच्या बटा. तो अमुक एका माणसाचा चेहरा नव्हता. याचा सर्वांत मोठा पुरावा पुढीलप्रमाणे आहे. दुसऱ्या हेन्रीने ११८०मध्ये नवी पेनी सुरू केली आणि तीवर आपले लॅटिन नाव 'हेन्रिकुस' घातले. ११८९मध्ये हेन्री वारला. त्याच्यामागून रिचर्ड आला, मग जॉन आला, पण इंग्लंडची पेनी 'हेन्रिकुस' याच नावाने पडत राहिली. ज्या रिचर्डच्या नावाने आजही इंग्रज अभिमानाने बोलतात, त्याचा चेहरा तर सोडाच, नावसुद्धा इंग्लंडमधील त्याच्या स्वतःच्या नाण्यांवर नाही. जॉननंतर १२१६मध्ये पुन्हा एक हेन्री, तिसरा, गादीवर आला, म्हणून नाव आपोआप जुळले. पुढे पहिल्या एडवर्डनेही १२७२पासून काही वर्षे बापाच्या नावाचीच नाणी पाडली आणि १२७९मध्ये नवे नाणे काढले. त्याच्या त्या नाण्यावरील मुकुटधारी डोके साधारण त्याच धाटणीने दोनशे वर्षे पुढच्या राजांनी वापरले. माणूस बदलला, डोके तेच राहिले. इंग्लंडच्या नाण्यावर राजाचा ओळखता येईल असा खरा चेहरा सोळाव्या शतकाच्या आरंभी, सातव्या हेन्रीच्या काळात आला. तोवर मध्ययुग संपले होते.

यात इंग्रजांना हिणवण्यासारखे काही नाही. त्या काळच्या हुकूमतीला चेहऱ्याची गरजच नव्हती, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडेही राजसत्तेची दोन लक्षणे मानली जात: खुत्बा आणि सिक्का. जुम्याच्या खुत्ब्यात ज्याचे नाव घेतले जाई आणि सिक्क्यावर ज्याचे नाव उमटे, तो बादशहा. नाव हीच सत्ता होती. आणि माणूस गेल्यावरही नाव चालत राहावे, हा प्रकार केवळ इंग्लंडमध्ये झाला असेही नाही. दिल्लीचा शाह आलम दुसरा १८०६मध्ये वारला, तरी ईस्ट इंडिया कंपनी त्याच्या नावाचे रुपये पुढे कित्येक वर्षे पाडीत होती. आपल्या पश्चिम भागातल्या सुरती रुपयावर त्याच्या कारकिर्दीचे ४६वे वर्ष जणू गोठून बसले होते. १८३५मध्ये कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया काढला आणि त्यावर बादशहाच्या नावाऐवजी चौथ्या विल्यमचे मस्तक आले. मुंबईच्या टांकसाळीतूनही तो रुपया बाहेर पडला. राणीछाप रुपया त्यानंतरचा.

पुन्हा इंग्लंडकडे वळू. नाणी सोडली तर राजांच्या चेहऱ्याचा दुसरा आधार म्हणजे त्यांच्या थडग्यांवरील निजलेले पुतळे. दुसरा हेन्री आणि रिचर्ड यांचे असे पुतळे फ्रान्समधील फाँतव्रो येथील मठात आहेत. जॉनचा पुतळा वूस्टर येथे आहे. तिसऱ्या हेन्रीचा सोनेरी मुलाम्याचा पुतळा वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये आहे. पण हे पुतळेही बहुधा राजा मेल्यानंतर घडवलेले आहेत, आणि त्यांत राजा जसा होता त्यापेक्षा जसा असावा तसा दाखवला आहे. तिसरा एडवर्ड १३७७मध्ये वारला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेसाठी लाकडी पुतळा केला गेला, आणि त्याचा चेहरा मृत राजाच्या चेहऱ्याच्या साच्यावरून घेतला असावा, असे मानले जाते. दुसऱ्या रिचर्डचे त्याच्या हयातीतले मोठे चित्र वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये आहे. असे काही मोजके अपवाद वगळता, १०६६मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या विल्यमपासून १४८५मध्ये रणांगणावर पडलेल्या तिसऱ्या रिचर्डपर्यंत जे अठरा राजे झाले, त्यांतील बहुतेकांचा खरा चेहरा काळाच्या पोटात गेला आहे.

परंतु लोकांना चेहरा हवा असतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज उमराव आपल्या हवेल्यांच्या लांबलचक दालनांत साऱ्या राजांची चित्रे ओळीने टांगू लागले. जुन्या राजांचे चेहरे चित्रकारांनी सरळ मनाने रचले. १५९७मध्ये लंडनला राजांच्या चित्रांचे एक पुस्तक छापले गेले, आणि त्याच्या नावातच ही 'खरी' चित्रे असल्याचा दावा होता. त्या पुस्तकातही पहिल्या विल्यमचा चेहरा होता, जो त्या वेळी पाचशे वर्षांपूर्वी मातीत गेला होता. एकाने रचले, दुसऱ्याने त्यावरून काढले, तिसऱ्याने छापले. अशा रीतीने अठराव्या शतकापर्यंत प्रत्येक राजाला एक ठरलेला चेहरा मिळून गेला.

आता आमच्या पुस्तकातील पदकांचा कर्ता पुढे येतो. त्याचे नाव जाँ दासिए. तो इंग्रज नव्हता. १६७६मध्ये जिनिव्हा येथे त्याचा जन्म झाला. बाप तेथल्या टांकसाळीत ठसे कोरणारा मुख्य कारागीर होता, आणि बापामागून ते काम मुलाकडे आले. दासिएचे काही शिक्षण पॅरिसला झाले. प्रॉटेस्टंट धर्मसुधारकांच्या पदकांची एक मालिका त्याने १७२५मध्ये काढली होती. १७२८मध्ये तो लंडनला जाऊन आला आणि १७३१मध्ये त्याने इंग्लंडच्या राजाराण्यांची पदकमालिका काढली. ती आगाऊ वर्गणीदार मिळवून विकली गेली. पहिल्या विल्यमपासून त्या वेळी गादीवर असलेल्या दुसऱ्या जॉर्जपर्यंत तीसहून अधिक पदके, आणि शिवाय जॉर्जला मालिका अर्पण केल्याचे एक वेगळे पदक.

काम अत्यंत कष्टाचे होते. पोलादाच्या ठोकळ्यात चेहरा उलटा आणि खोलगट कोरायचा: नाकाच्या जागी खड्डा, डोळ्याच्या खाचेच्या जागी उंचवटा. मग तो ठसा तापवून, पाण्यात बुडवून कठीण करायचा. धातूची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून मोठ्या मळसूत्री दाबयंत्राखाली दाबायची. उठाव जास्त असेल तर एका दाबाने भागत नाही. चकती पुन्हा तापवून मऊ करायची आणि पुन्हा दाबायची. दासिएची ही पदके सुमारे ४१ मिलिमीटर रुंदीची आहेत, म्हणजे आपल्या कोणत्याही चालू नाण्यापेक्षा मोठी. एका बाजूला राजाचा अर्धपुतळा आणि लॅटिन भाषेत नाव व किताब. दुसऱ्या बाजूला बहुतेक ठिकाणी एखादे स्मारक किंवा थडगे, त्याभोवती गुणांची प्रतीके असलेल्या आकृत्या, आणि जन्म, राज्यारोहण व मृत्यू यांच्या तारखा. कारागिरी इतकी सफाईदार आहे की पाहणाऱ्याच्या मनात शंका येत नाही. तारीख खरी, नाव खरे, धातू खरा. मग मधला चेहराच खोटा कसा असेल?

हा सारा खटाटोप कशासाठी? दासिएपुरते पाहिले तर तो धंदा होता, आणि कारागिराने धंदा करण्यात काही गैर नाही. पण अशी मालिका त्याच वेळी काढावीशी वाटणे, आणि ती घ्यायला गिऱ्हाईक मिळणे, यामागे इंग्लंडचे राजकारण होते. १६८८मध्ये कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला देश सोडावा लागला. १७०१मध्ये पार्लमेंटने कायदा केला की गादी फक्त प्रॉटेस्टंट वारसालाच मिळेल. रक्ताने अधिक जवळचे असे पन्नासहून अधिक कॅथलिक वारस त्यामुळे बाजूला सारले गेले, आणि १७१४मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर घराण्याचा जॉर्ज इंग्लंडचा राजा झाला. त्याचा मुलगा दुसरा जॉर्ज, ज्याला ही मालिका अर्पण झाली, तोही हॅनोव्हरमध्येच जन्मलेला. तिकडे हद्दपार जेम्सचा मुलगा गादीवर हक्क सांगतच होता. १७१५मध्ये त्याच्या बाजूने बंड झाले, आणि त्याच्या मुलाच्या नेतृत्वाखाली १७४५मध्ये पुन्हा झाले.

या भांडणात पदक हेही हत्यार होते. हद्दपार घराण्यानेही आपल्या राजपुत्राच्या चेहऱ्याची पदके काढून समर्थकांत वाटली. १७११मध्ये गॉर्डनच्या डचेसने असे एक पदक एडिंबरोच्या वकिलांच्या संस्थेला भेट पाठवले. त्यावर एका बाजूला राजपुत्राचा चेहरा व 'हा कोणाचा?' असा लॅटिन प्रश्न, आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनच्या बेटांचा नकाशा व 'परत करा' अशी मागणी होती. त्यावरून मोठा गहजब झाला. एक तळहाताएवढीही नसलेली धातूची चकती, पण तिच्यामुळे सरकार हादरले.

अशा वेळी पहिल्या विल्यमपासून दुसऱ्या जॉर्जपर्यंत अखंड साखळी एकाच पेटीत मांडून ठेवली, की पाहणाऱ्याच्या मनावर काय ठसते? ही गादी सातशे वर्षे सरळ रेषेत चालत आली आहे, आणि शेवटची कडी पहिल्या कडीइतकीच भक्कम आहे. प्रत्यक्षात रेषा मुळीच सरळ नव्हती. दुसऱ्या एडवर्डला १३२७मध्ये पदच्युत केले गेले, दुसऱ्या रिचर्डला १३९९मध्ये. सहाव्या हेन्रीने गादी गमावली, परत मिळवली, पुन्हा गमावली, आणि १४७१मध्ये तो कैदेत मेला. पाचवा एडवर्ड तर बारा वर्षांचा मुलगा. १४८३मध्ये जेमतेम अडीच महिने राजा म्हणवला गेला, त्याचा राज्याभिषेक कधी झालाच नाही, आणि लंडनच्या किल्ल्यात तो दिसेनासा झाला. पण मालिकेत मारणारा आणि मारला गेलेला दोघेही ४१ मिलिमीटरचेच. विल्यमने ज्याला हेस्टिंग्जच्या लढाईत मारून गादी घेतली, त्या हॅरल्डला मात्र या पेटीत जागा नाही. ११४१मध्ये काही महिने इंग्लंडची सत्ता हाती घेणाऱ्या मटिल्डा या बाईलाही नाही. साखळीत जे बसत नव्हते ते वगळले, आणि ज्यांना चेहरा नव्हता त्यांना चेहरा दिला. इतिहास असाही घडवला जातो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. पहिला रिचर्ड दहा वर्षे राजा होता, पण त्यातील जेमतेम सहा महिने इंग्लंडमध्ये राहिला. त्याची भाषा फ्रेंच होती. ११९१च्या जुलैमध्ये सलीबी फौजांनी अक्का शहर घेतले, आणि २० ऑगस्ट रोजी रिचर्डच्या हुकमाने सुमारे २७०० मुसलमान कैद्यांची शहराबाहेर कत्तल झाली. सप्टेंबर ११९२मध्ये सलाहुद्दीनशी तह झाला. बैतुल मुकद्दस मुसलमानांकडे राहिले, आणि ख्रिस्ती यात्रेकरूंना तेथे येण्याची मुभा मिळाली. या दोघांपैकी शूर कोण, दयाळू कोण, हा वाद आम्ही येथे करीत नाही. सांगायचे ते एवढेच की मालिकेतील रिचर्डचा तो उमदा चेहरा पाहणाऱ्याच्या मनात त्या माणसाविषयी आधीच आदर निर्माण करतो, आणि अक्काच्या कैद्यांना चेहरा नसल्यामुळे ते आकडा बनून राहतात. हीच गोष्ट पहिल्या एडवर्डची. १२९०मध्ये त्याने इंग्लंडमधील साऱ्या यहुद्यांना देशाबाहेर काढले. घरेदारे सोडून जहाजात बसलेल्या त्या कुटुंबांचे पदक कोणी काढले नाही.

आणि सलाहुद्दीन? हिजरी ५८७मध्ये, म्हणजे अक्काच्या त्या वर्षीच, मयाफारिकीन या आज तुर्कस्तानात असलेल्या शहरात त्याच्या नावाचा तांब्याचा दिरहम पडला. त्यावर समोर पाहत बसलेली एक मानवी आकृती आहे. त्या भागातील इतरही मुसलमान अमीर तेव्हा अशी चित्रे असलेली तांब्याची नाणी पाडीत होते. ती आकृती म्हणजे सलाहुद्दीनचा हुबेहूब चेहरा, असे आम्ही म्हणणार नाही. ती राज्यकर्त्याची खूण आहे, जशी इंग्रजी पेनीवर होती. पण हिशेब मांडला तर काय दिसते? ११९१मध्ये रिचर्डच्या इंग्लंडमधील नाण्यावर दुसऱ्याचे नाव होते, आणि सलाहुद्दीनच्या नाण्यावर त्याचे नावही होते व आकृतीही होती. मग आज पुस्तकात एकाला चेहरा आहे आणि दुसऱ्याला नाही, याचे कारण मजहब नव्हे. एकाला साडेपाचशे वर्षांनी जिनिव्हाचा एक कुशल कारागीर मिळाला, हे ते कारण आहे.

या मालिकेतील एका राजाची अलीकडची हकिकत सांगण्याजोगी आहे. तिसरा रिचर्ड १४८५मध्ये लढाईत पडला आणि लेस्टर येथे घाईने पुरला गेला. २०१२मध्ये तेथील एका मोटारतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. त्याचा कणा एका बाजूला वळलेला होता. २०१३मध्ये कवटीवरून त्याचा चेहरा तयार केला गेला, आणि २०१४च्या जनुकीय अभ्यासातून त्याचे डोळे बहुधा निळे व लहानपणीचे केस बहुधा सोनेरी असावेत असा निष्कर्ष निघाला. २०१५मध्ये त्याला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये सन्मानाने दफन केले गेले. सव्वापाचशे वर्षांनी मिळालेला हा चेहराही 'बहुधा' या शब्दासह मिळाला, याचे आम्हांस विशेष वाटते. विज्ञानाने आपली मर्यादा सांगितली. पदकाने ती सांगितली नव्हती.

म्हणून ही पदके टाकाऊ आहेत काय? मुळीच नाही. ती उत्तम कलाकृती आहेत आणि पक्का ऐतिहासिक पुरावाही आहेत. मात्र तो पुरावा ११९१चा नसून १७३१चा आहे. विल्यम किंवा रिचर्ड कसा दिसत होता हे त्यांवरून कळत नाही. दुसऱ्या जॉर्जच्या काळातील इंग्लंडला आपले पूर्वज कसे दिसायला हवे होते, हे मात्र स्वच्छ कळते. कोणतेही जुने चित्र वर्गात दाखवताना ते कोणाचे आहे हे सांगून शिक्षकाचे काम संपत नाही. ते कोणी काढले, केव्हा काढले आणि कोणासाठी काढले, हे तीन प्रश्न त्यासोबत गेले पाहिजेत. आपल्या लाडक्या बादशहांच्या चित्रांनाही तेच प्रश्न विचारले पाहिजेत, नाही तर इंग्रजांची चूक काढण्याचा आपल्याला हक्क राहत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही ते पुस्तक पुन्हा वर्गात नेले आणि आधीचे आमचे उत्तर चुकीचे होते हे मुलांना सांगितले. 'हेन्रिकुस'ची गोष्ट सांगितली, मयाफारिकीनच्या दिरहमची सांगितली. ज्याने प्रश्न विचारला होता तो मुलगा बराच वेळ रिचर्डच्या पदकाकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "सर, तो फिर ये किस का चेहरा है?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि ते तसेच त्याला सांगितले.